दिवाळी अंकाला पहिल्यांदा लेख पाठवायचाय, कसा पाठवतात?

तासगावकर_हिशोबनीस:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारूनच टाकतो. मी तासगावचा, सांगली जिल्हा. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला हिशोबाचं काम करतो, म्हणजे कुणाचा किती माल आत आला, किती बाहेर गेला, भाडं किती झालं, कुणी मालावर उचल घेतलीय, हे सगळं माझ्याकडं. लिहायची खोड कॉलेजपासून आहे, तिथल्या वार्षिक अंकात कविता आल्या होत्या (त्या आता कुणाच्या हाती लागू नयेत) आणि अलीकडं फेसबुकवर गावाकडचं काहीबाही लिहितो. लाइक बरे येतात. दरवेळी खाली कोण ना कोण लिहितंच की दादा हे दिवाळी अंकाला पाठवा, पण कुठल्या अंकाला, कुणाच्या नावानं, कधी, ते मात्र कुणीच सांगत नाही.

आता द्राक्ष बागायतदाराच्या व्यथेवर एक मोठा लेख लिहून तयार आहे, साडेचार हजार शब्द भरतील. प्रश्न असे की तो एकदम पाच-सहा अंकांना मेल करून टाकला तर चालतो का, ओळख लागते का, फेसबुकवर त्यातला थोडा भाग टाकलाय त्याचं काय, टाइप करून द्यायचा की हातानं लिहिलेला पण घेतात, पैसे मिळतात की आपल्यालाच द्यावे लागतात (गावात एकानं दिलेत म्हणून विचारतोय), आणि नाही आवडला तर तसं कळवतात का नुसतं वाट बघत बसायचं. जाणकारांनी सांगावं, हसलात तरी चालेल.

मनमाड_जंक्शन:
मासिकं आता वाचतंय कोण भाऊ. रेल्वे स्टॉलवर पूर्वी दिवाळीत अंकांची थप्पी असायची, आता पाण्याच्या बाटल्या आणि चार्जर. फेसबुकवर वाचक आयते मिळतायत ते सोडून तुम्ही संपादकाच्या दारात कशाला जाताय?

जुना_उपसंपादक:
मनमाडकरांचं स्टॉलबद्दलचं निरीक्षण बरोबर आहे, पण प्रश्न त्यांना नव्हता विचारला. मी पुण्यात एका साप्ताहिकात आणि त्याच्या दिवाळी अंकावर बरीच वर्षं काम केलंय, आता घरी असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, लेख लिहून झाला आणि मग तो कुठं पाठवू असा विचार करायचा हे उलटं आहे. आधी अंक. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात दिवाळी अंकांची योजना असणारच, थोडे पैसे भरले की चार-पाच महिने पाहिजे तेवढे अंक वाचायला मिळतात. मागच्या दोन वर्षांचे तीन-चार अंक घरी आणा आणि वाचक म्हणून नको, चोरासारखे वाचा. अनुक्रमणिका घ्या आणि बघा की यातली किती नावं दरवर्षी तीच आहेत (ती निमंत्रित, त्या जागा तुमच्या नाहीत) आणि किती नावं तुम्ही कधीच ऐकली नाहीत. त्या अनोळखी माणसांचे लेख किती शब्दांचे आहेत, कशावर आहेत, पहिल्या पॅरात काय करतात, ते बघा. तुमची जागा तिथं आहे. विनोदी अंकाला रिपोर्ताज चालत नाही, कथेच्या अंकाला शेतीचं अर्थकारण चालत नाही, हे कुणी सांगायला लागू नये पण दरवर्षी टेबलावर येणाऱ्या टपालातलं निम्मं त्यातच जायचं.

दुसरं, वेळ. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली त्यांच्या मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आलीय आणि तिचं गणित फारसं बदललं नाही. अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, पाऊस लागेपर्यंत मोठे लेख ठरलेले असतात, गणपतीत पानं लागत असतात. ज्याला आपण नवरात्रात लेख पाठवतो तो बिचारा उघडून पण बघत नाही, त्याचं सगळं लक्ष जाहिरातवाल्यांच्या फोनकडं असतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये विचारणा करा, आणि जूनपर्यंत लेख हातात द्या. दिवाळी अंकच पाहिजे असा हट्टही धरू नका. साप्ताहिकांना आणि मासिकांना वर्षभर मजकूर लागतो, तिथं नवीन माणसाला जागा जास्त असते, आणि तिथं दोन लेख आले की दिवाळीला तेच लोक स्वतःहून फोन करतात.

तिसरं, सगळा लेख आधी पाठवू नका. दहा-बारा ओळींचं पत्र पाठवा. विषय काय, त्यात नवीन काय, तो तुम्हीच का लिहायचा, किती शब्द होतील, फोटो आहेत का. यातलं "तुम्हीच का" हे लोक लिहीत नाहीत आणि कवितांची बक्षिसं लिहितात. तुम्ही कोल्ड स्टोरेजला हिशोब ठेवता हे पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे. मी जर तिथं बसलेला असतो तर ते वाचून थांबलो असतो.

बाकी पटापट सांगतो. साडेचार हजार शब्द नवीन माणसाला कुणी देत नाही, दीड-दोन हजारात बसवा. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, तोच लेख दोन अंकांत आला तर दोन्ही दारं बंद होतात, आणि ही मंडळी एकमेकांशी बोलतात. फेसबुकवर टाकलेला भाग बहुतेक संपादक प्रकाशित धरतात, तेव्हा त्यातला विषय राहू दे, वाक्यं नवीन लिहा आणि पत्रात तसं सांगून टाका. टायपिंग युनिकोडमध्येच करा, वर्ड फाइल पाठवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात केलेलं असेल तर बदलून घ्या, आणि पीडीएफ तर बिलकुल नको, त्यातून मजकूर उचलला की जोडाक्षरांची पार वाट लागते. हस्तलिखित अजून काही जण घेतात, पण ते टाइप कोण करणार हा प्रश्न असतो आणि त्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा "नंतर बघू" असं असतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, दाबले जातात, छपाईत चिखल होतो. ओरिजिनल फाइल मेल करा आणि प्रत्येक फोटोत कोण आहे, कुठं काढलाय ते खाली लिहा.

नकार कळवतात का? पूर्वी साभार परत यायचं, सोबत चिठ्ठी यायची. सत्यकथा मासिकाचे संपादक राम पटवर्धन नवीन लेखकांना कथेवर लांबलचक पत्रं लिहायचे, ते सगळं 1982 ला सत्यकथेबरोबर गेलं म्हणा. आता पोच आली तरी नशीब. दीड महिना थांबा, मग एकदा नम्रपणे विचारा, तरी उत्तर नाही तर "लेख मागे घेत आहे" असं एका ओळीत कळवा आणि दुसरीकडं द्या. ते कळवणं विसरू नका.

आणि हो, लेखाचा पहिला पॅरा इथं टाका बघू.

तासगावकर_हिशोबनीस:
सर एवढं कुणी सांगितलं नव्हतं, प्रिंट काढून ठेवलीय. पहिला पॅरा असा आहे:

"शेतकरी हा या देशाचा कणा आहे. पहाटेच्या मंद प्रकाशात काळ्या आईच्या कुशीत घाम गाळणारा बळीराजा जेव्हा आपल्या लेकरासारख्या जपलेल्या द्राक्षवेलीकडे पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत उद्याची स्वप्नं असतात. परंतु निसर्गाचा लहरीपणा आणि बाजारपेठेची क्रूरता या दुहेरी कात्रीत तो सापडला आहे."

पुढं मग अवकाळी, दर, औषधांचा खर्च असं येतं. शेवटी दिवाळीचं पण आणलंय, म्हणजे आमच्याकडं दिवाळीच्या टायमाला सौदे बंद ठेवतात ना झिरो पेमेंटसाठी, तर शेतकऱ्याच्या घरात कसा अंधार असतो वगैरे.

जुना_उपसंपादक:
राग मानू नका, पण हा पॅरा मी वाशिमच्या सोयाबीनवाल्याकडून, जळगावच्या केळीवाल्याकडून आणि एकदा तर दादरच्या एका बँकवाल्याकडून वाचलेला आहे. यात तासगाव कुठंय? कोल्ड स्टोरेज कुठंय? "कणा", "काळी आई", "बळीराजा", "दुहेरी कात्री" हे शब्द तुमचे नाहीत, ते भाषणांतून आलेत. तुम्ही दिवसभर लोकांशी काय बोलता? बॉक्स, तूट, उचल, भाडं. ते लिहा.

आता शेवटी जे जाता जाता लिहिलंय ते झिरो पेमेंट म्हणजे काय ते मला नीट सांगा. मी पुण्यात बसून बेदाणा खातो, मला हे माहीत नाही. माझ्यासारखे हजारो आहेत.

तासगावकर_हिशोबनीस:
ते आमच्याकडं दरवर्षीचंच आहे सर, त्यात लिहिण्यासारखं काय असेल असं वाटलं. सांगतो. बेदाण्याचा सौदा होतो तेव्हा व्यापारी माल उचलतो पण पैसे लगेच येत नाहीत, ठरलेल्या मुदतीनं येतात, आणि ती मुदत पुढं पुढं जात राहते. शेतकऱ्याचं अडत्याकडं (म्हणजे मधला दलाल), अडत्याचं व्यापाऱ्याकडं, व्यापाऱ्याचं पार दिल्ली-राजस्थानच्या पार्टीकडं, अशी साखळी अडकलेली असते. मग दिवाळीच्या आधी साधारण महिनाभर सांगली-तासगावचे सौदेच बंद ठेवतात आणि त्या काळात सगळ्यांनी सगळ्यांची बाकी शून्यावर आणायची. ते झिरो पेमेंट. बाकी राहिली तर पुढं सौद्यात बसू देणार नाही असं सांगितलेलं असतं. त्या महिन्यात आमच्याकडं फोन वाजून वाजून डोकं उठतं. कुणाला दाखवायला मालाची पावती पाहिजे, कुणी म्हणतो माझे एवढे बॉक्स त्याच्या नावावर करा हिशोबात वळते करतो. आणि शेतकरी तर रोज येतो, माल आत आहे का बघायला. उगाचच. कुठं जाणार आहे माल.

जुना_उपसंपादक:
तुमच्या साडेचार हजार शब्दांत हे पाच ओळींत आहे ना? आता उलटं करा. हे दोन हजार शब्दांत आणि बाकीचं पाच ओळींत. सगळ्या महाराष्ट्रात दिवाळीत बाजार ओसंडून वाहतो आणि एका गावातला सगळ्यात मोठा बाजार त्याच वेळी बंद असतो, हे कुणालाही वाचावंसं वाटेल. आणि हा दिवाळी अंकाचा विषय आहे, वेगळं जुळवायला पण नको.

सुलभा_चिपळूण:
मला थोडं वेगळं वाटतंय. उपसंपादक सर म्हणतात ते अंकासाठी बरोबर असेल, पण झिरो पेमेंट म्हटलं की लेख व्यापारी आणि अडत्यांचा होऊन बसेल, निम्मे वाचक दुसऱ्या पानावर गळतील. तासगावकर दादा, तुमच्याकडे काड्या काढायला, प्रतवारीला बायका असतील ना? हिरवा वेगळा, काळपट वेगळा करणाऱ्या. सौदे बंद असतात तेव्हा त्यांच्या हजेरीचं काय होतं? मला वाचक म्हणून ते वाचायला आवडेल.

बाकी पैशाचं विचारलंय त्यावर मी सांगते, कारण सर त्यावर बोलले नाहीत (संपादकाच्या बाजूचे लोक बोलत नाहीतच 😀). मी वाचकांच्या पत्रांपासून सुरुवात केली, मग स्वयंपाकाच्या पानावर, मग कथा. मानधन काही अंक नीट देतात, चेक किंवा खात्यावर, दिवाळी उलटून दोन-तीन महिन्यांनी. काही नुसती अंकाची प्रत देतात. काही ते पण देत नाहीत, विचारलं तर "यंदा जाहिराती कमी होत्या". स्वीकारलं असं कळवलं की तेव्हाच विचारायचं की मानधनाचं कसं आहे, लाज वाटायचं काही कारण नाही, किराणावाल्याला आपण भाव विचारतोच की.

पण तुमच्या गावातल्या त्या माणसानं पैसे दिले तसलं कधीही करू नका. "निवड झाली आहे, दहा प्रती विकत घ्या", "सहभाग शुल्क भरा, सन्मानचिन्ह मिळेल", "प्रातिनिधिक संग्रहात कविता घेतो, इतके पाठवा", हा वेगळाच धंदा आहे, त्यात छापणाऱ्याचं गिऱ्हाईक वाचक नसतो, तुम्ही असता. फेटा बांधलेला फोटो मिळतो आणि पुस्तकांचा गठ्ठा माळ्यावर जातो.

अजून एक. लेख छापून आला म्हणजे तो त्यांचा झाला असं नसतं. 1957 चा कॉपीराइट कायदा आहे त्यात बाहेरून लिहिणाऱ्याचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो, पगारी नोकराचं वेगळं. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. म्हणून "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं काही सहीला आलं तर वाचून सही करा. उद्या तुमचं पुस्तक निघालं तर हे उपयोगी पडतं.

जुना_उपसंपादक:
सुलभाताई, मानधनाचा टोमणा मान्य 🙏 बायकांच्या हजेरीचा मुद्दा चांगला आहे पण तो त्याच लेखात बसतो की. सौदे बंद झाल्यावर कोण कोण थांबतं, त्यात त्या आल्याच. फक्त एक आहे, हिशोबनीस त्यांच्याशी आजपर्यंत बोललेत का? टेबलावरून जे दिसतं ते त्यांचं आहे. शेडमधलं लिहायचं तर शेडमध्ये जाऊन बसावं लागेल.

सुलभा_चिपळूण:
मग जाऊन बसू देत की. त्यात काय एवढं.

विज्ञानवाला:
मी वेगळ्या वाटेनं आलो म्हणून लिहितो. मोठ्या अंकांच्या मागं लागण्याआधी ज्या मासिकांना विषयाचा मजकूर लागतो त्यांच्याकडं बघा. शेतीची मासिकं आहेत, बळीराजा आहे, कृषी खात्याचं शेतकरी आहे, मुलांसाठी बालभारतीचं किशोर 1971 पासून आहे, पुण्याचं छात्र प्रबोधन आहे, विज्ञानाला मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका. तिथं माहिती पक्की लागते, भाषेची आतषबाजी चालत नाही, त्यामुळं हात आपोआप सुधारतो. बेदाणा कसा होतो हे किशोरच्या मुलांना सातशे शब्दांत सांगून बघा. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात का बुडवतात, सावलीत जाळीवरच का वाळवतात, चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा कसा उरतो. "कणा" आणि "काळी आई" ला तिथं जागाच नाही. लई अवघड असतं ते, सोपं वाटतं म्हणून सांगतो.

ओळख लागते का म्हणून विचारलंत. जयंत नारळीकरांची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 1974 साली त्यांनी कृष्णविवरावरची कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा बायकोच्या हातानं उतरवून घेतली. आणि पहिलं बक्षीस मिळालं. त्यांना ओळखीचा फायदा नको होता, आपल्याला तर ओळखच नाही, तेव्हा आपण त्या बाबतीत बरोबरीत आहोत 😄

आणि तासगावकर, तुमच्या शेजारीच किर्लोस्करवाडी. कुंडलच्या माळावरच्या त्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' काढली, ती कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती द्यायला. नांगर विकता विकता त्याचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. धंद्याच्या जागेतून मासिक निघू शकतं तर लेख का निघू नये?

मनमाड_जंक्शन:
हे किर्लोस्करवाडीचं माहीत नव्हतं. बरं मग मी पण विचारून घेतो, मोबाइलवर बोलून टाइप केलं तर चालतं का? मला स्टेशनवरचं लिहायचंय, पण टायपिंगचा कंटाळा. आणि चॅटजीपीटीकडून "सुधारून" घेतलं तर?

जुना_उपसंपादक:
आले का लायनीवर. बोलून टाइप करा, काही हरकत नाही, फक्त नंतर विरामचिन्हं स्वतः घाला आणि एकदा मोठ्यानं वाचा. मशीनकडून सुधारून घेतलेलं आता टेबलावर ढिगानं येतं असं माझ्या जागी बसलेला मुलगा सांगतो, आणि ते ओळखू येतं कारण चूक एकही नसते आणि माणूस पण एकही नसतो. शुद्धलेखनाच्या चार चुका मुद्रितशोधक काढतो, त्याचं कामच ते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण 18 आहेत, ते एकदा वाचून काढा, रविवारची दुपार पुरते. पण गाडी किती लेट झाली की कुली काय म्हणतो ते मुद्रितशोधक घालू शकत नाही.

तासगावकर_हिशोबनीस:
सगळ्यांचे आभार. या आठवड्यात सुलभाताईंनी सांगितल्याप्रमाणं शेडमध्ये जाऊन बसलो. बायका आधी बोलेनात, त्यांना वाटलं मालकानं पाठवलंय हजेरी तपासायला. मग एकीनं विचारलं की लिहून काय होणार, मला काय उत्तर देता आलं नाही. नंतर बोलल्या. सौदे बंद असले तरी आत पडलेल्या मालाचं काम थोडंफार चालू राहतं, पण रोज नाही, आणि नेमकं दिवाळीच्या तोंडावर खाडे पडतात. हे मला माहीतच नव्हतं म्हणजे पगारपत्रकात दिसत होतं पण कधी तसं वाचलं नव्हतं.

आता खरी अडचण. मी जिथं काम करतो तिथलंच लिहिणार, मालक वाचणार, व्यापारी वाचणार. कुणाचं किती अडकलंय ते मला पैन्पै माहितीय. पूर्वी सौद्यात बेदाणा उधळला जायचा, बॉक्स फोडून माल जमिनीवर, आणि त्याचं नुकसान शेतकऱ्याच्या बोडक्यावर, त्यावर शेतकरी बोंबलले होते, ते पण लिहायचंय. नोकरी जाईल का? नारळीकरांसारखं नाव बदलून लिहू का?

जुना_उपसंपादक:
हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नवीन लिहिणारे हा छापून आल्यावर विचारतात. तुमच्या रजिस्टरमध्ये जे आहे ते तुमचं नाही, मालकाचं आणि त्या त्या पार्टीचं आहे. त्यातला एकही आकडा, एकही नाव लेखात नको, नाव बदलून पण नको, कारण तासगावात चारच तपशिलांवरून माणूस ओळखू येतो. पण सौदे बंद राहतात हे दरवर्षी पेपरात येतं, उधळणीच्या तक्रारी पण पेपरात आल्या, बाजार समितीत सगळ्यांदेखत चालतं ते कुणीही बघू शकतं. शेतकरी स्वतःची बाकी स्वतःच्या तोंडानं सांगत असेल आणि छापायला हो म्हणत असेल तर ते त्याचं. तेवढ्यावर लेख उभा राहतो. आणि शेडमधल्या बाईंचं नाव घालायचं तर त्यांना विचारा, त्यांची हजेरी त्याच मालकाकडं आहे हे विसरू नका.

टोपणनाव घेता येतं, पण संपादकाला खरं नाव आणि पत्ता द्यावाच लागतो, आणि तुमच्या बाबतीत टोपणनावानं लपणार नाही, पहिल्या परिच्छेदात कळेल कोण ते. त्यापेक्षा मालकाला आधीच सांगा की असं लिहितोय, आपल्या गोडाऊनचं नाव नाही, कुणाचा आकडा नाही. बहुतेक मालकांना बरं वाटतं. नाही वाटलं तर तेव्हा कळेल, छापून आल्यावर नको.

सुलभा_चिपळूण:
मालकांचं मी असं नाही सांगणार हां सर. काहींना बरं वाटतं, काही दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको म्हणतात. घर चालवायचंय त्यांना. दादा, तुम्ही तुमच्या मालकाला ओळखता, आम्ही नाही. नसेल जमत तर यंदा हे ठेवा आणि मुलांसाठीचा तो बेदाण्याचा लेख आधी पाठवा, त्यात कुणाचं काही जात नाही.

तासगावकर_हिशोबनीस:
मालक हो म्हणाले, फक्त म्हणाले आधी वाचायला दे. हे बरोबर का?

जुना_उपसंपादक:
वाचायला देऊ नका म्हटलं तर संशय वाढेल. तथ्यं तपासायला द्या, म्हणजे "यात माहिती चुकलीय का सांगा" असं म्हणून द्या. वाक्यं बदलायला लागले तर थांबवा. आणि संपादकाला ते सांगून ठेवा.

तासगावकर_हिशोबनीस:
ठीक. नवीन सुरुवात टाकतो, झोडपा:

"दिवाळी जवळ आली की तासगावात बेदाण्याचे सौदे बंद होतात. कपड्याची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात आणि अडत्यांच्या पेढ्यांवर मात्र माल नसतो, नुसती माणसं बसलेली असतात, वह्या उघडून. वर्षभर ज्यानं ज्याचं द्यायचं ठेवलंय ते या महिन्यात शून्यावर आणायचं, याला इथं झिरो पेमेंट म्हणतात. मी कोल्ड स्टोरेजचा हिशोब बघतो. या महिन्यात माल कमी हलतो पण माझा फोन सगळ्यात जास्त वाजतो. एक शेतकरी रोज संध्याकाळी येतो आणि आपले बॉक्स आहेत का विचारतो. आहेत म्हटलं की चहा पण न घेता जातो. पंधरा किलोचा एक बॉक्स. त्याचे किती आहेत ते मी इथं लिहिणार नाही, तो हिशोब त्याचा आहे."

जुना_उपसंपादक:
शेवटचं वाक्य ठेवा, बॉक्सचे "पंधरा किलो" हे 15 असे आकड्यात लिहा, "माणसं बसलेली असतात, वह्या उघडून" हे सरळ करा, "वह्या उघडून माणसं बसलेली असतात". कवितेसारखी उलटी वाक्यं दिवाळी अंकात आधीच फार असतात. बाकी हात लावू नका. आता पत्र लिहा, तेही इथं टाका म्हटलं असतं पण मग संपादकाकडं जाण्याआधी सगळ्या महाराष्ट्रानं वाचलेलं असेल. आणि हा पॅरा पण इथून काढून टाका, मॉडरेटरना सांगा. अप्रकाशित पाहिजे असतो.

सुलभा_चिपळूण:
"अडत्यांच्या पेढ्या" म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला एका ओळीत सांगा पुढे कुठेतरी. आणि त्या विचारणाऱ्या बाईला आणा लेखात, लिहून काय होणार म्हणाली ती.

तासगावकर_हिशोबनीस:
ती आहेच ताई, तिसऱ्या पॅऱ्यात. पत्र आज रात्री लिहितो, साप्ताहिकाला पाठवतोय आधी, दिवाळी पुढच्या वर्षी बघू. मॉडरेटर, वरचा पॅरा काढाल का प्लीज.

मनमाड_जंक्शन:
काढायच्या आधी मी वाचला 😁 हिरवा बेदाणा डायरेक्ट तुमच्याकडून मागवला तर किलोला काय पडेल?

तासगावकर_हिशोबनीस:
सौदे सुरू झाले की सांगतो.